चेकची बखर

मराठी घरात दिवसातून किती वेळा 'चेक' हा शब्द उच्चारला जातो, याची कोणी मोजदाद केली तर मोठी मौज होईल. विम्याचा चेक बँकेत टाकायचा असतो. धाकट्याला चेक्सचाच शर्ट हवा असतो आणि थोरल्याला तो डोळ्यांसमोरही नको असतो. आजोबांना चेकअपसाठी न्यायचे असते. लोकलच्या डब्यात तिकीट चेकर चढला की ज्याच्याजवळ पास आहे तो सज्जनसुद्धा उगाच खिसा चाचपतो. गावाकडे जाताना वाटेत चेकनाका लागतो. आणि सगळे बाहेर पडून कुलूप लावून झाले की घरची गृहिणी हटकून म्हणते, "गॅस बंद केलाय ना? जरा चेक करून या हो!"

पैसे मिळवून देणारा चेक, अंगात घालायचा चेक, अडवणारा चेक आणि खात्री करून घेणारा चेक! एकाच शब्दाच्या वाड्यात एवढी बिऱ्हाडे कशी नांदतात? इंग्रजांच्या कोशात पाहावे तर ती याहूनही अधिक. तेथे 'चेक' म्हणजे लगाम, 'चेक' म्हणजे बरोबर उत्तरापुढची खूण, 'चेक' म्हणजे सामान ठेवून घेतल्यावर मिळणारा बिल्ला. आणि अमेरिकेतल्या खाणावळीत जेवण झाल्यावर वाढपी जे बिल आणून ठेवतो तेही 'चेक'च. यांपैकी प्राग शहर ज्यांचे, ते चेक लोक तेवढे या वाड्यातले नव्हेत. त्यांच्या नावाचे मूळ निराळे; केवळ उच्चाराच्या सारखेपणामुळे ते आपल्याला भाऊबंद वाटतात. बाकीची सर्व बिऱ्हाडे मात्र एकाच घराण्याची आहेत. त्या घराण्याचा मूळपुरुष कोणी सावकार नव्हता, शिंपी नव्हता की नाकेदारही नव्हता. तो राजा होता. आणि वाचकहो, त्याचे नाव आपण मराठी माणसे आजही रोज घेत असतो.

ते नाव म्हणजे शह.

बुद्धिबळाचा खेळ मूळचा आपला. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांच्या सेनेवरून त्याला चतुरंग म्हणत, आणि बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त, म्हणजे सातव्या शतकात, त्याचा उल्लेख सापडतो. हा खेळ इराणात गेला तेव्हा तिकडच्या लोकांनी त्याला चतरंग म्हटले. पुढे अरबांच्या तोंडी त्याचे शतरंज झाले. इराणात राजाला म्हणत 'शाह'. आपल्या बादशहातला शहा तोच, आणि मसाल्याच्या डब्यातल्या शहाजिऱ्यातला शहाही तोच. पटावर राजा माऱ्यात सापडला की प्रतिपक्षाने मोठ्याने 'शाह!' म्हणायचे, म्हणजे "महाराज, सांभाळा!" असा इशारा द्यायचा, अशी रीत होती. राजाला जागा उरली नाही की 'शाह मात'. राजा मेला, असा त्याचा अर्थ पुष्कळजण सांगतात; राजा निरुपाय झाला, असा दुसरे पंडित लावतात. पटावरचा न्याय पाहिला तर दुसरा अर्थ अधिक शोभतो. कारण बुद्धिबळात राजा कधी मारला जात नाही. प्यादी मरतात, हत्ती-घोडे मरतात, वजीरही मरतो. राजाला फक्त सांगितले जाते की आता तुमचे चालणार नाही.

अरबांबरोबर हा खेळ स्पेन आणि सिसिलीच्या वाटेने युरोपात शिरला. तेथल्या लॅटिन लेखनिकांनी 'शाह'चे 'स्काकुस' केले आणि फ्रेंचांनी 'एशेक'. पुढे १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि त्याच्यामागून फ्रेंच भाषा तिकडच्या दरबारात गेली. इंग्रजांनी त्या 'एशेक'चा पुढचा स्वर गाळून टाकला आणि उरला तो 'चेक'. त्याच शब्दाच्या अनेकवचनाचे झाले 'चेस', म्हणजे खुद्द बुद्धिबळ. 'मात'चे झाले 'मेट'. आपण मराठी माणसांनी मात्र शह आणि मात हे दोन्ही शब्द फार्सीतून थेट उचलले. तेव्हा मराठी 'शह' आणि इंग्रजी 'चेक' हे एकाच आजोबांचे नातू. एक दक्षिणेत वाढला आणि एक समुद्रापलीकडे. गंमत अशी की खुद्द इराणात आज पटावर 'शाह' म्हणत नाहीत, 'किश' म्हणतात. आजोबांच्या घरी विसरले गेलेले नाव नातवांनी जपले आहे.

दोघांचे स्वभावही किती सारखे निघावेत! आपण म्हणतो, शिवाजी महाराजांनी आदिलशाहीला शह दिला. आपण म्हणतो, बाईंनी दुखण्यावर मात केली. पट नाही, सोंगट्या नाहीत, तरी शह आहे आणि मात आहे. इंग्रजीतही चौदाव्या शतकापासून 'चेक' पटावरून उतरून व्यवहारात आला आणि अडवणे, आवरणे, रोखणे असे अर्थ घेऊन बसला. जो शब्द राजाची पदवी होता, तोच राजाला थांबवणारा शब्द झाला. पुढच्या सात-आठशे वर्षांत या शब्दाने जी जी कामे केली, त्यांतल्या बहुतेकांच्या तळाशी हा थांबवण्याचा अर्थ आहे.

आता खेळाकडून हिशेबाकडे वळू, कारण चेकला पैशाचा वास लागला तो येथे.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा वसूल परगण्यापरगण्यातून शेरीफ नावाचे अधिकारी गोळा करीत. (मुंबईचा नगरपाल तो शेरीफच, पण ते पद केवळ मानाचे. बाराव्या शतकातल्या शेरीफाला मान थोडा आणि घाम फार.) वर्षातून दोनदा, ईस्टरच्या सुमारास आणि सप्टेंबरअखेर, या शेरीफांना राजाच्या खजिन्यापुढे उभे राहावे लागे. तेथे काय चाले याचे बारीकसारीक वर्णन रिचर्ड फिट्झनील नावाच्या खजिनदाराने १११७ नव्हे, ११७७ सालच्या पुढेमागे लिहिलेल्या एका लॅटिन ग्रंथात केले आहे. ग्रंथ आहे गुरुशिष्यसंवादाच्या रूपात. आपल्याकडे शिष्याने गुरूला ब्रह्म म्हणजे काय ते विचारावे. येथे शिष्य विचारतो, सरकारी हिशेब कसा तपासतात?

गुरू सांगतो ते असे. मधोमध एक मोठे मेज असे, सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. कडेने चार बोटे उंचीचा काठ, वर ठेवलेल्या चकत्या घरंगळू नयेत म्हणून. मेजावर रेघा मारलेले काळे कापड अंथरलेले. त्या रेघांनी पडलेल्या घरांमुळे ते मेज बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे, म्हणून त्या पटाच्या फ्रेंच नावावरून साऱ्या कचेरीलाच 'एक्स्चेकर' हे नाव पडले. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणतात, म्हणजे शब्दशः पाहिले तर बुद्धिबळाच्या पटाचा कारभारी!

पण हिशेबाला पट कशाला लागावा? उत्तर ऐकून आपल्याला थोडा अभिमान वाटल्यावाचून राहणार नाही. त्या काळी युरोपात रोमन आकडे चालत, म्हणजे अक्षरांच्या ओळी. त्यांत बेरीज करणे कठीण आणि वजाबाकी करणे त्याहून कठीण. म्हणून मेजावर पेन्स, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार असे रकाने आखीत आणि रकान्यात चकत्या मांडीत. येणे वरच्या ओळीत, भरलेली रक्कम खालच्या ओळीत. दोन्हींकडच्या चकत्या उचलत गेले की बाकी आपोआप डोळ्यांसमोर उरे. एखाद्या रकान्यात काही नसले तर ते घर रिकामे ठेवायचे. ते रिकामे घर म्हणजेच आपले शून्य. भारतातून निघालेला बुद्धिबळाचा पट इंग्लंडला पोचला होता. भारतातून निघालेले शून्य अजून वाटेत होते. पिसा शहरच्या लेओनार्दो फिबोनाचीने भारतीय अंकांची ओळख करून देणारा आपला ग्रंथ लिहिला तो पुढे १२०२ साली.

फिट्झनीलला स्वतःलाही ही उपमा मोहवून गेलेली दिसते. पटावर दोन राजे झुंजतात, तसे या मेजावर खजिनदार आणि शेरीफ झुंजतात, असे तो सांगतो. एकजण येणे मांडतो, दुसरा चुकते केलेले मांडतो आणि भोवती बसलेले सरदार निवाडा पाहतात. झालेला हिशेब मेंढीच्या कातड्यावर लिहून ठेवीत. आणि कातडे मेंढीचेच का, तर त्यावरचे अक्षर खरवडले तर खूण लपत नाही म्हणून. अकरा-बारा पिढ्यांपूर्वीच्या आपल्या कुळकर्ण्यांनाही ही युक्ती पसंत पडली असती!

शेरीफाने ईस्टरला अर्धा भरणा केला, तर त्याला पावती काय मिळे? कागद नव्हता, आणि वाचता येणारी माणसे थोडी. म्हणून हेझल नावाच्या झाडाची काठी घेत आणि तिच्यावर खाचा पाडीत. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. मग ती काठी उभी चिरीत. खाचा दोन्ही भागांवर सारख्या उमटलेल्या. एक भाग पैसे देणाऱ्याकडे, दुसरा खजिन्यात. पुढे वाद निघाला की दोन्ही भाग एकमेकांना भिडवायचे. कोणी लबाडीने एखादी खाच वाढवली असेल तर ती जोडीदाराशी जुळत नसे, आणि झाडाच्या रेषा तर कोणालाच नव्याने काढता येत नसत. धनको राजा असो की प्रजा, ऋणको सरदार असो की खुद्द सरकार, दोघांच्या हाती सारखाच पुरावा. काठीच्या थोरल्या भागाला 'स्टॉक' म्हणत. शेअरबाजारातला 'स्टॉक' तेथूनच आला असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

एकाच हिशेबाचा जोड-पुरावा दुसऱ्याच्या हाती असणे, हीच लबाडीला शह देण्याची खरी युक्ती. 'कंट्रोल' हा शब्दही असाच जन्मला. मुळात तो 'समोरची नोंदवही', म्हणजे मूळ वहीशी ताडून पाहण्यासाठी ठेवलेली जोडवही. तिच्यावरून नियंत्रणाचा अर्थ पुढे आला. 'चेक'चेही तसेच झाले. अडवायचे तर आधी पाहावे लागते, पाहायचे तर ताडून पाहावे लागते. म्हणून अडवणाऱ्या 'चेक'मधून पडताळणारा 'चेक' निघाला. तिकीट चेकर आणि चेकनाका, डॉक्टरांचे चेकअप आणि गृहिणीची गॅसची आठवण, ही सगळी या शाखेची संतती. चेक्सच्या शर्टाची शाखा त्याहून सोपी. पटासारखी घरे असलेली नक्षी ती 'चेकर', आणि तिचेच आखूड रूप 'चेक'. आपल्या आज्या त्याला चौकडी म्हणत आणि चौकडीचे लुगडे नेसत; नाव वेगळे, डोळ्यांना दिसलेली घरे तीच.

ही सर्व व्यवस्था किती शहाणपणाची! तथापि व्यवस्था कितीही चोख असली तरी तिच्या माथ्यावर बसलेल्या माणसाने ती मोडायचे ठरवले तर काय होते, याचाही धडा या एक्स्चेकरच्या इतिहासात आहे.

सतराव्या शतकात लंडनचे सोनार पेढीवाले बनले होते. लोक विश्वासाने त्यांच्याकडे पैसे ठेवीत आणि ते सोनार तो पैसा व्याजाने राजाला देत. राजा दुसरा चार्ल्स खर्चिक. शिवाय त्याला डच लोकांशी युद्ध करायचे होते आणि आरमाराला पैसा हवा होता. १६७२ सालच्या जानेवारीच्या आरंभी त्याने हुकूम सोडला की खजिन्यातून सावकारांची देणी फेडणे तूर्त बंद. इंग्रजांच्या इतिहासात याला 'एक्स्चेकरची बंदी' म्हणतात. सुमारे तेरा लाख पौंड अडकले. 'तूर्त'चे पुढे कायम झाले. कित्येक पेढ्या बुडाल्या आणि त्या पेढ्यांवर विसंबलेल्या कुटुंबांची पुंजी त्यांच्याबरोबर अडकून पडली. सावकारांच्या हाती पुरावे होते, पण ते दाखवायचे कोणाला? ज्याने शह मानायचा तोच पट उधळून उठला होता.

त्या बंदीचा घाव लंडनकरांच्या मनात पुष्कळ दिवस राहिला. १६८८ साली राज्यक्रांती झाली, पैशाच्या नाड्या पार्लमेंटच्या हाती अधिक घट्ट आल्या, आणि १६९४ साली बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली. राजाच्या एकट्याच्या शब्दावर कर्ज देण्याचे दिवस संपले.

आणि आता येतो आपला ओळखीचा, सहीचा चेक. अमक्याला इतके पौंड द्यावे, अशी पेढीवाल्याला लिहिलेली चिठ्ठी लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या मध्यापासून चालत होती; पण तिला चेक म्हणत नसत. अठराव्या शतकाच्या आरंभी 'चेक' म्हणजे पैशाच्या कागदाची मागे ठेवलेली स्थळप्रत. खाचांच्या काठीचे जे काम तेच तिचे: दोन भाग जुळतात की नाही ते पाहणे, आणि खोट्या कागदाला अडवणे. हळूहळू स्थळप्रतीचे नाव मूळ कागदालाच चिकटले. पुढे एक्स्चेकरच्या भारदस्त नावाची सावली पडून इंग्रजांनी त्याचे स्पेलिंगही भारदस्त, फ्रेंच थाटाचे केले. अमेरिकनांनी मात्र ते जुने, साधेच ठेवले. फ्रेंचांची तर मोठी मजा झाली. त्यांच्याच 'एशेक'चा हा इंग्लंडात वाढलेला मुलगा; १८६५ साली त्यांनी चेकसंबंधी कायदा केला तेव्हा इंग्रजांकडून तोच शब्द परत उसना घेतला. आज फ्रेंचमध्ये 'एशेक' म्हणजे अपयश आणि 'शेक' म्हणजे बँकेचा चेक. मुलगी माहेरी आली आणि आईनेच तिला ओळखले नाही!

आपल्याकडे चेक आला तेव्हा त्याला रिकाम्या घरात यावे लागले नाही. येथे हुंडी होती. नरसी मेहत्याची हुंडी द्वारकेत श्रीकृष्णाने वटवली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणून मराठीने नाव इंग्रजी घेतले तरी क्रियापद आपलेच ठेवले: हुंडी वटते, तसाच चेकही वटतो. सरकारी मराठीने त्याला 'धनादेश' असे भारदस्त नाव दिले, तरी बँकेच्या खिडकीपाशी आजही विचारतात ते "चेक वटला का?" असेच. १८८१ सालच्या कायद्याने त्याची व्याख्या केली. १९८९ पासून खात्यात पैसे नसताना दिलेला चेक परत येणे हा त्या कायद्यातला गुन्हा ठरला आणि त्याला आज दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१२ पासून चेकची मुदत सहा महिन्यांची तीन महिने झाली. आता फोनवरून पैसे पाठवता येतात आणि चेकबुक पुष्कळ घरांत कपाटाच्या कोपऱ्यात पडून असते. पण फोनवरून पैसे पाठवल्यावर आपण पलीकडच्याला काय म्हणतो? "आले का, जरा चेक करा!"

काठ्यांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. कागद आला, छापखाना आला, तरी एक्स्चेकरचे कारकून काठ्या चिरीतच होते. १७८२ साली पार्लमेंटने ती पद्धत मोडण्याचा कायदा केला, पण तो अमलात यायला १८२६ साल उजाडले. साठलेल्या जुन्या काठ्यांचे करायचे काय? थंडीने काकडणाऱ्या गोरगरिबांना जळण म्हणून त्या वाटता आल्या असत्या. ते कोणाला सुचले नाही. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या लॉर्डांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत घातल्या. भट्ट्या भडकल्या आणि त्या रात्री ब्रिटिश पार्लमेंटची दोन्ही सभागृहे जळून खाक झाली. चार्ल्स डिकन्सने १८५५ सालच्या एका भाषणात सरकारी दप्तरदिरंगाईचा नमुना म्हणून या काठ्यांची गोष्ट सांगून श्रोत्यांना पोट धरून हसवले. ज्या काठ्यांनी सहा-सातशे वर्षे हिशेबाची राखण केली, त्यांचा हा शेवट. साधन केव्हा बदलायचे हे न कळले की राखणदारच घर जाळतो.

अटलांटिकपलीकडे या शब्दाने दोन निराळी रूपे घेतली. एक अगदी घरगुती. पावसाने बेसबॉलचा सामना बंद पडला की प्रेक्षकांना पुन्हा येण्यासाठी जे तिकीट मिळे ते 'पावसाचा चेक'. आज अमेरिकन माणूस जेवणाचे आमंत्रण नंतरवर टाकतानाही हाच शब्द वापरतो. दुसरे रूप मात्र राज्यघटनेचे. १७८७ साली अमेरिकनांनी आपली घटना लिहिली तेव्हा एक राजा टाकून दुसरा डोक्यावर बसवायचा नाही, असा त्यांचा निर्धार होता. म्हणून कायदे करणारे, कारभार पाहणारे आणि न्याय देणारे यांना त्यांनी एकमेकांसमोर असे बसवले की प्रत्येकाला दुसऱ्याला शह देता यावा. जेम्स मॅडिसनने १७८८ साली यामागची भूमिका मांडली, तिचे सार असे: माणसे देवदूत असती तर सरकारच लागले नसते, ती तशी नाहीत, म्हणून सरकारलाही लगाम हवा. या व्यवस्थेच्या इंग्रजी नावातला पहिला शब्द 'चेक्स' हाच आहे.

आपल्या घटनेतही या पटाची एक सोंगटी आहे. ब्रिटनमध्ये १८६६ च्या एक्स्चेकरविषयक कायद्याने सरकारी खर्च तपासणारा एक स्वतंत्र अधिकारी नेमला गेला. आपल्याकडचा त्याचा जोडीदार म्हणजे घटनेच्या १४८ व्या कलमातला नियंत्रक व महालेखापरीक्षक. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत या कलमावर चर्चा चालली असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असे मत मांडले की हा बहुधा संपूर्ण घटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी होय. ज्यांनी 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध लिहून लंडनची पदवी मिळवली होती, त्यांचे हे मत. पंतप्रधान नव्हे, सेनापती नव्हे. संसदेने मंजूर केलेला पैसा मंजूर केल्याप्रमाणेच खर्च झाला की नाही, हे ताडून पाहणारा माणूस! फिट्झनीलच्या काळ्या कापडाभोवती बसलेल्या मंडळींना हे बोलणे लगेच कळले असते. फरक एवढाच की तेव्हा हिशेब प्रजेच्या वतीने राजाला नव्हे, राजाच्या वतीने शेरीफाला विचारला जाई. आता तो प्रजेच्या वतीने राज्यकर्त्यांना विचारला जातो. पट तोच राहिला, पण बाजू बदलल्या.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपले व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतात. लक्ष्मीशेजारी वही मांडण्यात मोठा अर्थ आहे. ज्या घरात लक्ष्मी आहे पण वही नाही, तेथे दुसऱ्या चार्ल्सचा हुकूम केव्हा सुटेल याचा नेम नसतो. तेव्हा यंदा वहीवर हळदकुंकू वाहताना, चेकबुक निघालेच तर त्यालाही दोन अक्षता वाहाव्यात. त्याच्या नावात एका राजाचा इशारा दडलेला आहे: राजाला मारायचे नसते, पण त्याला वेळीच शह मात्र द्यायचा असतो.